फवारणीच्या कृतीआधी किडीची ओळख छापावी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरच्या बागेतील किडींचा सेंद्रिय पद्धतीने बंदोबस्त कसा करावा, याविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून अलीकडे सातत्याने लिहून येते. रासायनिक कीटकनाशकांच्या बाटल्या घरात नकोत असे वाटणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला त्याचे समाधानच आहे. तरीही हा मजकूर वाचताना एक गोष्ट खटकत राहते. त्यातला बहुतेक भाग कृतींचा असतो : हे रात्रभर भिजत घाला, ते वाटून गाळून घ्या, आठवड्यातून एकदा सगळ्या झाडांवर फवारा. कोणत्या किडीसाठी, किती प्रमाणात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि मुळात फवारणीची गरज आहे की नाही हे कसे ठरवायचे, याविषयी क्वचितच काही सापडते. परिणामी वाचकाच्या हातातली बाटली बदलते, पण झाडावर काहीही हलताना दिसले की फवारा उचलायचा ही सवय जशीच्या तशी राहते. अशा अदलाबदलीचा फायदा फार थोडा आहे आणि काही वेळा तिने चक्क नुकसानच होते, असे माझे मत आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

झाडाला झालेली इजा नीट पाहिली तरी किडीची निम्मी ओळख पटते. पानाच्या कडा कुरतडलेल्या असतील किंवा मधोमध भोके पडली असतील, तर ते काम चावून खाणाऱ्या किडीचे, म्हणजे अळीचे, भुंगेऱ्याचे, नाकतोड्याचे किंवा गोगलगायीचे असते. पान आक्रसले आहे, मुडपले आहे, पिवळे पडले आहे, हाताला चिकट लागते आहे, पण त्यात भोक मात्र कुठेही नाही, असे असेल तर रस शोषणारी कीड शोधावी : मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले कीड. पानावर पांढरी नागमोडी रेघ उमटली असेल तर ती नागअळीची वाट असते. ही अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मध्ये राहून आतला गर खात जाते, त्यामुळे पानावर वरवर बसणारा कोणताही फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि ते पान तोडून टाकणे हाच त्यावरचा सोपा उपाय ठरतो. पानावर टाचणीने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके दिसत असतील, तर फांदीखाली एक पांढरा कागद धरून ती हलकेच झटकावी आणि कागदाकडे थोडा वेळ टक लावून पाहावे. धुळीच्या कणांसारखे दिसणारे ठिपके चालू लागले, तर तो लाल कोळी होय. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हेच, आणि म्हणूनच कीटकांवर चालणारी अनेक औषधे त्याच्यावर चालत नाहीत.

हा भेद वरवर पुस्तकी वाटतो, पण सेंद्रिय उपायांचे सगळे यशापयश त्यावर अवलंबून आहे. रासायनिक कीटकनाशकांपैकी बरीचशी सरसकट मारणारी असतात, त्यामुळे तेथे ओळख चुकली तरी काही ना काही मरते. सेंद्रिय उपाय बहुधा नेमक्या किडीपुरते असतात. अळीवर रामबाण ठरणारे जिवाणू माव्याच्या केसालाही धक्का लावत नाहीत आणि माव्याला मारणारे साबणाचे पाणी मोठ्या केसाळ अळीच्या अंगावरून नुसते ओघळून जाते. शिवाय पाने पिवळी पडण्याची निम्मी कारणे किडीत नसतातच. कुंडीत पाणी साचून मुळे कुजली, लोह कमी पडले किंवा भर उन्हाने पान करपले, तर त्यावर कोणताही अर्क फवारून काही साधत नाही.

उदाहरणादाखल मावा घेऊ, कारण बागेत तो सगळ्यांना भेटतो आणि सर्वाधिक फवारण्या त्याच्याच वाट्याला येतात. अनुकूल हवेत माव्याच्या माद्या नराशिवाय, थेट जिवंत पिल्ले देतात. त्या पिल्लांच्या पोटात जन्माच्या वेळीच पुढच्या पिढीचे भ्रूण वाढू लागलेले असतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत पिल्लू स्वतः वीण देऊ लागते. गुलाबाचा एखादा शेंडा तीन-चार दिवसांत हिरव्या ठिपक्यांनी भरून जातो तो यामुळे. पण त्याच शेंड्याकडे हातभिंगातून सावकाश पाहिले, तर तेथे मावा एकटा नसतो. दोन-चार मावे फुगून सोनेरी-तपकिरी झालेले, कागदासारखे कोरडे आणि पानाला घट्ट चिकटलेले दिसतात. एका अतिशय लहान परोपजीवी गांधीलमाशीने त्यांच्या शरीरात अंडे घातलेले असते आणि तिची अळी माव्याला आतून खाऊन त्याच्याच कातडीत कोषात गेलेली असते. त्या फुगीर कवचाला नेमके गोल भोक पडलेले असेल, तर नवी गांधीलमाशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात निघालीसुद्धा. शेजारी एखादी हिरवट, अर्धपारदर्शक, बिनपायांची अळी डोके इकडून तिकडे हलवत मावा शोधत असते. ती सिरफिड माशीची अळी, आणि तिची आई त्याच बागेतल्या फुलांवर मधमाशीचे सोंग घेऊन घिरट्या घालत असते.

अशा शेंड्यावर कसलाही अर्क मारला, मग तो कितीही नैसर्गिक असो, तरी मावा आणि त्याला खाणारे हे दोन्ही पक्ष मरतात. त्यांपैकी मावा आठवड्याभरात पुन्हा उभा राहतो. परभक्षी कीटकांना मात्र अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या अवस्था पार करायला कित्येक आठवडे लागतात आणि भक्ष्य पुरेसे वाढल्याशिवाय ते त्या झाडाकडे फिरकतही नाहीत. म्हणजे फवारणीनंतरचा पहिला फायदा किडीलाच मिळतो. दुसऱ्या फवारणीनंतर तो आणखी वाढतो. ‘दर आठवड्याला फवारावे’ ही सूचना मला म्हणूनच अनाकलनीय वाटते. ज्या बागेत दर आठवड्याला फवारावे लागते, तेथील फवारणी आपले काम करीत नाही, हे उघड आहे. वरील शेंड्यासाठी पुरेसा असलेला उपाय अगदी साधा आहे. सकाळच्या वेळी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूने मारावा, म्हणजे बहुतेक मावा खाली पडतो आणि खाली पडलेला मऊ अंगाचा मावा सहसा वर परतू शकत नाही. नंतर चार-सहा दिवस फक्त पाहत राहावे. त्या झाडावर मुंग्यांची रांग असेल तर मात्र आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो, कारण माव्याच्या शरीरातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिडे व गांधीलमाश्यांना हुसकावून लावतात. खोडाभोवती चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट बंद केली की पुढचे काम पुष्कळदा आपोआप होते. पानांवर चढणारी काळी बुरशीही त्याच गोड द्रवावर वाढते. द्रव थांबला की तीही थांबते, तिच्यासाठी वेगळे औषध लागत नाही.

या मित्रकीटकांची खरी अडचण अशी आहे की त्यांची बालरूपे आपल्याला ओळखता येत नाहीत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सर्वांना आवडतो, पण त्याची करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, लांबट आणि काटेरी अळी दिसली की तीच माणसे ती चिरडून टाकतात. वास्तविक प्रौढ ढालकिड्याइतकीच खादाड असलेली ही अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावे फस्त करते. त्याहून मोठी फसगत पिठ्या ढेकणाच्या बाबतीत होते. त्याला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा आहे, आणि त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच पांढऱ्या मेणचट झालरींनी मढलेली असते. फरक एवढाच की ती आकाराने मोठी असते, तिच्या अंगावरची झालर अधिक लांब व विस्कटलेली असते आणि बोट लावल्यावर ती लगबगीने चालू लागते. पानावर केसासारख्या बारीक देठांच्या टोकाला पांढरे मणी उभे दिसले, तर अनेकांना ती बुरशी वाटते. ती क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची अंडी असतात. याच्या उलट, ढालकिड्यांच्या कुळातला एक भुंगेरा वांगीवर्गीय झाडांची पाने खरवडून त्यांची जाळी करतो. त्याच्या पाठीवर पुष्कळ ठिपके असतात, पण ती तकतकीत नसून बारीक लव असल्यामुळे मंद दिसते. त्याला मात्र मित्र समजून पोसू नये. त्याची पिवळी अंडी पानाखाली पुंजक्याने असतात, ती पानासकट काढून टाकावीत.

हे सारे हौशी निरीक्षकांचे कौतुक नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे. १८८०च्या दशकात कॅलिफोर्नियातील संत्रा-लिंबाच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले-किडीने उजाड होऊ लागल्या, तेव्हा १८८८ साली कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले यांना तिच्या मूळ मुलखात पाठवण्यात आले. त्यांनी तेथून धाडलेल्या वेडालिया नावाच्या इवल्या ढालकिड्याने थोड्याच काळात त्या बागा वाचवल्या. पुढे १९४०च्या दशकात त्याच भागात डीडीटीची फवारणी सुरू झाली, वेडालिया मेला, आणि इतकी वर्षे दबून राहिलेली खवले-कीड पुन्हा उसळली. १९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार कीटकशास्त्रज्ञांनी एकात्मिक कीडनियंत्रणाची कल्पना मांडली, तिचा गाभा असा होता की कीड दिसली म्हणून नव्हे, तर तिची संख्या नुकसानीच्या ठरावीक पातळीकडे जाऊ लागली तरच हस्तक्षेप करावा, आणि तोही नैसर्गिक शत्रूंना शक्य तितके सांभाळून. घरच्या बागेत ती पातळी काढायला आकडेमोडीची गरज नाही. जोमाने वाढणाऱ्या झाडाची काही पाने खाल्ली गेली तर ते झाड त्याची भरपाई करते. नुकत्या रुजलेल्या रोपाचा शेंडाच कुरतडला गेला तर ते रोप ती करू शकत नाही. पहिल्या प्रसंगी थांबावे, दुसऱ्या प्रसंगी तातडीने हालचाल करावी.

एक पुरवणी येथे जोडली पाहिजे. मित्रकीटकांचे महत्त्व पटले की ते विकत आणून सोडण्याचा मोह होतो. बंदिस्त काचगृहात त्याचा चांगला उपयोग होतो. उघड्या बागेत सोडलेले प्रौढ ढालकिडे बहुधा उडून जातात. आणि परका प्राणी आणून सोडणे तर निव्वळ धोक्याचे. उसावरील भुंगेऱ्यांचा नायनाट व्हावा म्हणून १९३५ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात दक्षिण व मध्य अमेरिकेतील मूळचे मोठे विषारी भेक सोडण्यात आले. भुंगेऱ्यांना त्यांनी काही केले नाही, पण ते स्वतःच तेथील वन्यजीवांवरचे संकट होऊन बसले. त्यापेक्षा जे आपणहून येतात त्यांच्यासाठी बडीशेप, कोथिंबीर, शेपू अशा छत्रीसारख्या बारीक फुलोऱ्याच्या झाडांपैकी एखादे फुलू द्यावे. प्रौढ गांधीलमाश्या आणि सिरफिड माश्या मध व परागावर जगतात, आणि त्यांची तोंडे इतकी आखूड असतात की खोल नळीची मोठी फुले त्यांच्या उपयोगाची नसतात.

आता फवारणीविषयी. ती कधीच करू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती करायची तर नीट करावी. साबणाच्या पाण्याचे प्रमाण एक लिटरला १० ते २० मिली सौम्य द्रवरूप साबण एवढेच असावे. कपडे किंवा भांडी धुण्याची तीव्र पूड वापरू नये, कारण ती पानांवरचे मेणाचे रक्षक आवरणच काढून टाकते. हे पाणी किडीच्या अंगावर प्रत्यक्ष पडले तरच काम करते. वाळल्यावर त्याचा काहीही परिणाम उरत नाही. म्हणजे पानाच्या वरून फवारून पानाखालच्या पांढऱ्या माशीला काहीच होत नाही. पाणी जड असेल तर साबणाचा साका होतो आणि फवारा निष्प्रभ ठरतो. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस वाट पाहावी, आणि भर उन्हात तर हा प्रयोग कधीच करू नये.

कडुनिंबाविषयी जितके लिहिले जाते, तितके नीट क्वचितच लिहिले जाते. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिक श्मुटेरर यांनी १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळी हिरवळ फस्त केल्यावरही कडुनिंबाची झाडे तेवढी शाबूत राहिलेली पाहिली आणि आधुनिक संशोधनाला जोर आला. १९६८ साली त्यातले अझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले. हे द्रव्य प्रामुख्याने निंबोळीच्या बियांतल्या गरात असते, पानांत त्याचे प्रमाण फारच कमी. त्यामुळे पाला उकळून केलेल्या काढ्याकडून निंबोळी अर्काइतकी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. निंबोळीची भरड एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात किंचित साबण मिसळून केलेला पाच टक्क्यांचा अर्क हाच विश्वासार्ह प्रकार. तेल वापरायचे असल्यास ते लिटरला ५ मिली घ्यावे आणि आधी साबणात नीट फेटून मगच पाण्यात सोडावे. नाहीतर तेल वर तरंगते, फवाऱ्यातून आधी नुसते पाणी आणि शेवटी नुसते तेल बाहेर येते व शेवटच्या झाडाची पाने भाजतात. उन्हाने हे द्रव्य लवकर नष्ट होते, म्हणून अर्क त्याच दिवशी आणि सूर्य कलल्यावर वापरावा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ते तत्काळ मारीत नाही. किडीची खाण्याची वासना जाते, तिला कात टाकता येत नाही, पुढची अवस्था गाठता येत नाही. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून पुन्हा, तिसऱ्या दिवशी आणखी दाट अर्क करून पुन्हा, असा जो प्रकार चालतो तो हे ठाऊक नसल्यामुळे.

अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी या नावाने ओळखले जाणारे जिवाणू सर्वांत नेमके. जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना ते १९०१ साली मेलेल्या रेशीमकिड्यांत आढळले. १९११ साली जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडले, आणि त्यांनी थुरिंगिया प्रांतावरून त्यांचे नामकरण केले. त्यांतील प्रथिनाचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याच्या भिंतीला छिद्रे पाडतात. अळी काही तासांत खाणे थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या जठरात तसे वातावरण नसते. मात्र हे जिवाणू अळीने खाल्ले तरच उपयोगी, लहान अळीवर अधिक उपयोगी आणि उन्हात थोड्याच दिवसांत निकामी. शिवाय कोबीवरची अळी आणि फुलपाखराची अळी यांत त्यांना फरक कळत नाही. लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी जी अळी असते, ती एका देखण्या फुलपाखराची. बागेत फुलपाखरे हवीत आणि एकही पान खाल्लेले नको, या दोन्ही इच्छा एकाच वेळी पूर्ण होत नाहीत. मी स्वतः अशी अळी उचलून एखाद्या मोठ्या वाढलेल्या झाडावर सोडते. लहान रोपावर ती ठेवणे त्या रोपाला परवडत नाही.

निसर्गातून आले म्हणजे निर्धोक, हा समज तर वृत्तपत्रांनी निक्षून खोडून काढायला हवा. तंबाखूचा काढा हा ‘घरगुती’ उपाय अजूनही अधूनमधून छापून येतो. त्यातले निकोटिन हे माणसाला आणि पाळीव प्राण्यांना अत्यंत घातक विष आहे, ते त्वचेतूनही शरीरात शिरते, आणि अनेक देशांनी निकोटिनयुक्त कीटकनाशके बंद केली आहेत. त्याशिवाय तंबाखूवरचा विषाणू टोमॅटो, मिरची अशा त्याच कुळातल्या झाडांना लागू शकतो, तो वेगळाच. डेरिस वनस्पतीच्या मुळांतले रोटेनोन मासे मारण्यासाठी वापरले जाते. शेवंतीच्या एका जातीपासून मिळणारे पायरेथ्रम लवकर विघटन पावते हे खरे, पण ते मधमाश्या आणि मासे यांनाही सोडत नाही. लसूण-मिरचीचे पाणी या मानाने सौम्य. ते काही किडींना काही काळ दूर ठेवते, इतकेच त्याचे श्रेय, पण वाऱ्याने उलटून फवारणाऱ्याच्याच डोळ्यांत गेले तर ते काय करते हे सांगायला नको. उमललेल्या फुलांवर दिवसाउजेडी यांपैकी काहीही फवारू नये. नैसर्गिक औषधाला कीड सरावत नाही, हाही गैरसमजच : कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीत बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचे हवाईमधील शेतांत १९९० सालीच नोंदले गेले आहे.

काही उपाय घातक नसतात, नुसते निरुपयोगी असतात, आणि त्यांच्या भरवशावर वेळ जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली अंड्यांची टरफले, तांब्याची पट्टी, खडी, लोकरीच्या गोळ्या अशा अडथळ्यांची प्रत्यक्ष चाचणी घेतली, तेव्हा गोगलगायींनी केलेल्या नुकसानीत त्यांमुळे काहीच फरक पडलेला आढळला नाही. रात्री दिवा घेऊन त्या वेचणे हे कंटाळवाणे, पण खात्रीचे. झेंडूच्या बाबतीत अर्धसत्य पसरले आहे. त्याच्या मुळांतील द्रव्ये मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक ठरतात हे खरे आहे. पण त्यासाठी त्या जागेत काही महिने झेंडूच दाट लावावा लागतो. वाफ्याच्या कडेला शोभेची चार झाडे लावून तो परिणाम मिळत नाही. (शेंगवर्गीय झाड उपटल्यावर मुळांवर गाठी दिसल्या म्हणून लगेच सूत्रकृमींचा संशयही घेऊ नये. नखाने सहज सुटून येणाऱ्या आणि आतून गुलाबी निघणाऱ्या गाठी नत्र स्थिर करणाऱ्या उपकारक जिवाणूंच्या असतात. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती सुटी होत नाही.)

या साऱ्याच्या आधी खत आणि पाणी येते, पण त्याविषयी किडीच्या सदरात कोणी लिहीत नाही. नत्राचा मारा झाला की कोवळी, लुसलुशीत, रसाळ वाढ होते आणि माव्याला नेमकी तीच हवी असते. तेथे खत आवरते घेणे हीच कीडनियंत्रणाची पहिली पायरी. कुंडीतून उठणाऱ्या बारीक काळ्या माश्यांवर फवारे मारून त्या कमी होत नाहीत, कारण त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या मातीत असतात. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये कोरडा पडू दिला की त्यांची वीण तुटते. लाल कोळी उलट कोरड्या, उष्ण, धुळीने भरलेल्या जागी फोफावतो. पानांची खालची बाजू पाण्याने वरचेवर धुतली तर त्याला आवर बसतो. फळमाशीसाठी कोवळ्या फळांना पिशवी बांधणे आणि गळून पडलेले प्रत्येक फळ उचलून घट्ट बांधलेल्या पिशवीत उन्हात तापवणे, यापलीकडे फार काही करावे लागत नाही. फळातील अळी मातीत उतरून कोषात जाते, त्यामुळे तीच फळे झाडाखाली पडू देणे म्हणजे पुढची पिढी स्वतःच वाढवणे.

एवढ्या सगळ्यावर कोणी म्हणेल की ज्याच्याजवळ मोजक्याच कुंड्या आहेत आणि डोळ्यांसमोर रोप माना टाकते आहे, त्याला पाहणी करा आणि धीर धरा असे सांगून काय उपयोग. आक्षेप रास्त आहे. लहान बागेत झाडांची विविधता कमी असते, मित्रकीटक उशिरा येतात, आणि एकुलते एक रोप गेले म्हणजे सगळेच गेले. पण नेमक्या अशाच बागेत हातांनी काम भागते. अंड्यांचे पुंजके पानासकट काढणे, पिठ्या ढेकूण ओल्या कापसाने पुसून घेणे, किडलेला शेंडा खुडणे, रोपांवर बारीक जाळी घालणे, हे सगळे थोडक्या झाडांवर दहा मिनिटांत उरकते, आणि त्यासाठी कोणताही अर्क रात्रभर भिजत घालावा लागत नाही. काही वेळा मात्र कोणत्याच उपायाचा उपयोग नसतो हेही वाचकाला स्पष्ट सांगावे. विषाणूने पाने चुरडली, आखडली आणि चट्ट्यापट्ट्यांची झाली, तर तो रोग बरा करणारे औषध रासायनिक नाही आणि सेंद्रियही नाही. ते झाड उपटून टाकून शेजारची वाचवावीत. खोडात शिरलेल्या अळीपर्यंत बाहेरचा फवारा पोहोचत नाही. ती फांदी भोकाच्या खालून कापावी लागते.

म्हणून आपल्यासारख्या संपादकांना माझी विनंती आहे की, घरगुती फवारणीची कोणतीही कृती छापताना तिच्यासोबत निदान चार गोष्टी असाव्यात : ती कोणत्या किडीसाठी आहे, लिटरला नेमके प्रमाण किती, ती केव्हा फवारावी, आणि ती कोणत्या किडीवर अजिबात चालत नाही. ‘मूठभर’, ‘थोडासा’, ‘दाटसर’ अशी मापे बागेत पाने भाजतात. तंबाखूसारख्या विषारी पदार्थांच्या कृती तर छापूच नयेत; वाचकाच्या पत्रातून आल्या तरी त्यांखाली संपादकीय इशारा द्यावा. आणि सदरात जागा असेल तर दर खेपेला एका किडीची छोटी चौकट चालवावी, जिच्यात किडीचे, तिच्या अंड्यांचे आणि तिला खाणाऱ्या मित्रकीटकाच्या अळीचे छायाचित्र शेजारी-शेजारी, प्रत्यक्ष आकाराची नोंद देऊन असेल. सुरुवात पिठ्या ढेकूण आणि क्रिप्टोलेमसची अळी या जोडीने करता येईल. माझ्या पाहण्यात सर्वाधिक गफलत याच दोघांत होते, आणि दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवली तर ती टळण्यासारखी आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक